साठवण तलावाच्या वरच्या अंगाला प्लॉटिंग पडलंय, पिण्याचं पाणी वाचवायला पावसाळ्याआधी काय करावं?

साठवणतलाव_बीड
गावाला साठवण तलावावरून पाणीपुरवठा आहे. काठाला उद्भव विहीर (जिथून गावासाठी पाणी उचलतात ती), तिथून मोटारीनं टाकीत, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) आणि मग नळाला. फिल्टर प्लांट नाही. वरच्या माळावर दहा एकरांत प्लॉटिंग पडलंय. मुरमाचे रस्ते केलेत आणि रस्त्याकडेच्या चाऱ्या थेट ओढ्यात सोडल्यात. ओढा तलावातच उतरतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी आठ-दहा दिवस गढूळ राहतं. एप्रिलपासून हिरवी साय धरते, वास येतो. टाकीजवळ ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते थेंब टाकून बघायची) पिवळी येते, शेवटच्या नळाला रंगच येत नाही. पाणी हटलं की तलावात गाळपेरा (उघड्या पडलेल्या गाळात पीक) होतो, फवारणीही तिथंच. वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांनाच वापरता येणाऱ्या) निधीतले थोडे पैसे ग्रामपंचायतीकडे आहेत. कोणी म्हणतं फिल्टर बसवा, कोणी म्हणतं गाळ काढा. आधी काय धरावं?

मृदसंधारण_जालना
दादा, आधी ओढा धरा. फिल्टर नंतर. वरून माती आणि घाण येत राहिली तर फिल्टर महिन्याभरात चोंदतो आणि मग गाव तो बायपास करून पाणी सोडतं.

हिशेब बघा. दहा एकर म्हणजे 4 हेक्टर. त्यावर 50 मिमी पाऊस पडला की 20 लाख लिटर पाणी होतं. माळ-शेत असताना साधारण चौथा हिस्सा वाहतो, म्हणजे 5 लाख लिटर. पत्रे, फरशी आणि दाबलेला मुरूम झाला की 70 टक्क्यांच्या आसपास वाहतं, म्हणजे 14 लाख. वरचं 9 लाख लिटर ओढ्याला नवं आहे. तेवढं पाणी वेगानं उतरलं की ओढ्याचे काठच खचतात. तलावात येणाऱ्या गाळात प्लॉटच्या मातीबरोबर या काठांची मातीही असते.

पुष्कळ ठिकाणी प्लॉटिंगच्या खालच्या कडेला एक समतल (उताराला आडवा, एकाच पातळीतला) चर खोदतात आणि काम झालं असं धरतात. 60 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल चरात एका मीटरला 180 लिटर पाणी मावतं. 200 मीटरच्या चरात 36 हजार लिटर झाले. 9 लाखांपुढे ते काहीच नाही. म्हणून पाणी जिथं पडतं तिथंच जिरवायला लावा. 100 चौरस मीटर छताचं 50 मिमीला 5 हजार लिटर होतं, ते त्या प्लॉटच्या शोषखड्ड्यात गेलं पाहिजे. मात्र हा शोषखड्डा फक्त छताच्या पाण्याचा. संडासाचं पाणी त्यात सोडू देऊ नका. आपल्याकडे बेसाल्टला भेगा असतात, मैलापाणी गाळलं न जाता भेगांतून थेट उद्भव विहिरीला लागतं. सेप्टिक टाकी तळासकट पक्की हवी आणि गाळ उपसणारी गाडी तो गाळ ओढ्यात ओतत नाही ना, यावर नजर हवी.

रस्त्याच्या चाऱ्या ओढ्याला जिथं मिळतात तिथं बंद करा. दर 25-30 मीटरला पाणी आडवं काढून गवताच्या पट्ट्यावर पसरू द्या.

ओढ्यात अनगड (न घडवलेल्या) दगडी बांधांची साखळी घ्या आणि तलावाच्या तोंडाशी गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरलेला बांध) घाला. गॅबियन पाण्याच्या वजनानं क्वचितच पडतो, तो कडेनं फुटतो. दोन्ही खांदे काठात किमान मीटरभर घुसवा. मधला भाग खांद्यांपेक्षा 30 सेंमी खाली ठेवा, म्हणजे पूर मधूनच जाईल. खालच्या बाजूला उंचीच्या दुप्पट लांबीचं दगडी पिचिंग (जमिनीवर रचलेला दगडांचा थर) हवं, ते वाचवलं की पहिल्याच पुरात पाया उकरतो. दगड जाळीच्या डोळ्यापेक्षा मोठा, 15 ते 25 सेंमीचा. अडलेला गाळ दर उन्हाळ्यात काढायचा, नाहीतर दुसऱ्या वर्षी पाणी गाळासकट वरून जातं.

गॅबियनवर खर्च करण्याआधी एक साधी परीक्षा करा. पहिल्या पुराचं पाणी लिटरभर पारदर्शक बाटलीत भरून हलवायचं नाही. तासाभरात वरचं पाणी निवळलं तर गाळ जाड आहे, गॅबियन उपयोगी पडेल. दुसऱ्या दिवशीही बाटली गढूळच राहिली तर ती काळ्या रानाची चिकणमाती आहे आणि ती कुठल्याच बांधात बसत नाही. ती शेतातच अडवावी लागते. पेरणी उताराला आडवी हवी. रुंद सरी वरंबा (रुंद वाफे आणि त्यांच्यामध्ये सऱ्या) परभणीच्या कृषी विद्यापीठानं सोयाबीनसाठी शिफारस केलेला आहे, पण सऱ्या उताराच्या दिशेनं काढल्या तर त्याच पाण्याच्या नाल्या होतात. पूर्ण संचय पातळीच्या (तलाव काठोकाठ भरल्यावर पाणी येतं त्या रेषेच्या) वर 15-20 मीटरचा मारवेल गवताचा पट्टा ठेवा. त्यात समपातळीवर वाळ्याच्या दोन ओळी, ठोंबात 10-15 सेंमी अंतर. लावणी पहिला चांगला पाऊस झाल्यावर. दोन वर्षं गुरं चरू देऊ नका.

पाणीतपासणी_लातूर
हिरव्या सायीबद्दल लिहिते. तिचं मूळ बहुतेक वेळा स्फुरद असतं. डीएपीच्या पोत्यात 46 टक्के स्फुरद (पी₂ओ₅) असतं आणि ते मातीच्या कणाला चिकटून तलावात येतं, त्यात मैलापाण्यातल्या स्फुरदाची भर पडते. उन्हाळ्यात साठा आटला की तेच खत थोड्या पाण्यात उरतं. त्यामुळे साय एप्रिल-मे मध्येच येते. 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडून लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वर्षी उरलेल्या पाण्याची प्रतही जाते, याकडे फारसं कोणी बघत नाही. डीएपी फेकून देऊ नका, पेरणी यंत्रानं बियाण्याजवळ मातीआड पाडा. पावसाच्या आदल्या दिवशी युरिया टाकू नका.

तलावात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. मोरचुदानं किंवा जास्त टीसीएलनं पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात उतरतं. उकळूनही ते जात नाही. पृष्ठभागावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला की गुरांना त्या काठाला पाजू नका आणि पाणी मधल्या थरातून उचला. वरच्या मीटरभरात शेवाळ असतं, तळाशी प्राणवायू नसल्यानं लोह, मँगनीज आणि सडका वास असतो. फुटव्हॉल्व्ह (मोटारीच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड) तरंगत्या पिंपाला बांधून पृष्ठभागाच्या दीड मीटर खाली ठेवता येतो. हे तलावातून थेट उचलताना लागू. काठावरच्या विहिरीला तलावाच्या बाजूनं वाळू-खडीचा गाळणपट्टा करून घ्या.

शेवटच्या नळाला ओटी रंग येत नाही तेव्हा लोक टीसीएल वाढवत राहतात. गढूळ पाण्यात आणि सेंद्रिय घाणीत क्लोरीन आधीच खपतो. मानकात गढूळपणा 1 एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक), दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालतो. म्हणून आधी तुरटीनं पाणी निवळा, मग टीसीएल घाला. हजार लिटरला 5 ग्रॅम, पावडर ताजी असेल तर. उघड्या पोत्यातली पावडर उतरते, तिच्यातला क्लोरीन 20 टक्क्यांखाली गेला की वापरू नका. पाण्यात कालवून वरची निवळीच टाकीत सोडा. अर्ध्या तासानं तपासा. शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम तरी क्लोरीन मिळाला पाहिजे. ओटीचा रंग थेंब टाकताच बघायचा. पाच मिनिटांनी चढणारा पिवळेपणा अमोनियाशी जोडलेल्या क्लोरीनचा असू शकतो. तो जंतूंवर फार हळू चालतो, आणि अमोनिया दिसला तर कुठून तरी मैलापाणी मिसळतंय असं समजा.

तपासणीला दोन नमुने पाठवा, एक पहिल्या पुरानंतर आणि एक मे महिन्यात. नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या आत हवं, 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नको. जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात, त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचला पाहिजे.

महसूलकट्टा_नांदेड
भाऊ, कागदाची बाजू. पाणथळ क्षेत्राचे 2017 चे नियम घेऊन अर्ज करू नका. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव त्या व्याख्येतूनच वगळलेले आहेत आणि समोरचा वकील पहिलं तेच दाखवतो. 1974 चा जल प्रदूषण कायदा धरा. कलम 24 नुसार प्रवाहात दूषित पदार्थ सोडायला मनाई आहे आणि प्रवाहाच्या व्याख्येत नैसर्गिक व कृत्रिम दोन्ही जलसाठे येतात. तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे, सोबत चाऱ्या आणि ओढा एकत्र दिसतील असे तारखेचे फोटो आणि तपासणी अहवाल.

दुसरा अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 133 तेच. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश यात मिळतो. चाऱ्या बुजवणं, मैलापाणी बंद करणं यासाठी दिवाणी दाव्यापेक्षा हा मार्ग लवकर चालतो.

त्याआधी हद्द पक्की करा. तलावाच्या मालक खात्याकडे माहितीच्या अधिकारात भूसंपादनाचा निवाडा, बुडीत क्षेत्राचा नकाशा आणि पूर्ण संचय पातळीचा आकडा मागा. मग भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवा. मोजणीचं पत्र नसेल तर अतिक्रमणाचं प्रकरण पुढं सरकत नाही. प्लॉटिंगच्या गटांचे सातबारे आणि अकृषिक (शेतीऐवजी दुसऱ्या वापराच्या परवानगीचे) आदेश काढा. मंजूर रेखांकनात (प्लॉटच्या आराखड्यात) सांडपाण्याची व्यवस्था आणि मोकळी जागा दाखवलेली असते. जागेवर ती नसेल तर तोच तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. अतिक्रमण सरकारी किंवा गावाच्या जागेत निघालं तर सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा जगपाल सिंग निकाल (गावाच्या सामाईक जागेवरचं अतिक्रमण हटवायला सांगणारा) जोडा.

साठवणतलाव_बीड
ओढ्याचं आणि मोजणीचं काम लगेच धरतो. गाळपेरा मात्र बंद करा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, बऱ्याच घरांचं त्यावर भागतं. आणि गाळ काढावा का?

मृदसंधारण_जालना
गाळपेरा बंद करू नका, त्यातलं खत आणि औषध बंद करा. गाळात खताची गरजच नसते. हरभरा, करडई ओलीवर येतात. टरबूज आणि भाजीपाल्याला फवारणी जास्त लागते, ती पिकं नकोत. हटणाऱ्या पाण्यापासून 15 मीटर जागा पडीक ठेवा आणि ही अट गाळपेऱ्याच्या करारातच घाला.

गाळ काढा, शेतात गेलेल्या गाळाबरोबर स्फुरदही बाहेर जातं. फक्त मुरूम दिसला की थांबा. चिकणमातीचा थर फाटला तर पाणी खालून निसटतं. बांधाच्या पायथ्याला आणि ओढ्याच्या तोंडाशी पोकलेन लावू देऊ नका, तोंड खोल केलं की ओढा उलटा वरच्या दिशेनं कापत जातो.

फवारणी पंप तलावात बुडवून भरणं आणि तिथंच धुणं हे सगळ्यात आधी थांबवा. बांधाच्या बाहेर, तलावाकडं उतार नसलेल्या जागी हजार लिटरची टाकी ठेवा. नळाचं तोंड पंपाच्या झाकणापेक्षा वीतभर वर ठेवा, म्हणजे औषध उलटं ओढलं जाणार नाही. धुतलेलं पाणी तिथंही सांडायचं नाही, ज्या पिकावर फवारणी केली त्याच पिकावर मारून पंप रिकामा करायचा. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून भोक पाडून एका पोत्यात गोळा करा. ग्रामपंचायतीच्या पैशातून हे काम आठवड्यात होतं.