शब्दचर्चा: लोकलहोस्ट, सर्व्हर, पोर्ट यांना मराठीत काय म्हणावं?

कोथरूडला आमच्या सोसायटीतल्या कॉलेजच्या पोरांना रविवारी सकाळी वेबसाइट बनवायला शिकवतोय, त्यांच्यासाठी मराठीत दोन पानी टिपण करायला घेतलं आणि पहिल्याच वाक्याला अडलो. "आपल्या कॉम्प्युटरवर लोकल सर्व्हर सुरू करा" असं लिहिलं तर एकाने विचारलं, सर्व्हर कितीला पडेल? त्यांच्या डोक्यात सर्व्हर म्हणजे एसी खोलीतलं काळं कपाट, नाहीतर बँकेत "डाउन आहे, उद्या या" म्हणतात तो. लोकल म्हटलं की लोणावळ्याची. आणि "स्थानिक सेवादाता" लिहिलं की नगरसेवक डोळ्यासमोर येतो. सुचवा काहीतरी.

---

सेवादाता नकोच, कुणी बोलत नाही तसं. सर्व्हर शब्द ठेवा पण पहिल्यांदा येईल तिथेच सांगा की सर्व्हर म्हणजे मशीन नव्हे, मागणी ऐकून उत्तर देणारा प्रोग्राम. पोरांकडून एक्झॅम्प (XAMPP, लागणारे सर्व्हर एकत्र बसवून देणारं पॅकेज) टाकून घेत असाल तर पॅनेलच दाखवा, तिथे अपाचे या वेबसर्व्हरसमोर एक स्टार्टचं बटण आणि मायएसक्यूएल या डेटाबेससमोर दुसरं, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन सर्व्हर झाले की! (मायएसक्यूएलच्या जागी आत खरं तर मारियाडीबी हा डेटाबेस असतो, २०१५ पासून, पॅनेलवरचं नाव मात्र जुनंच राहिलंय.)

---

मराठीत सर्व्हरला शब्द आहे ना, वाढपी. आणि होस्ट म्हणजे यजमान. दोन्ही पंगतीतलेच. लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच मशीनवर, यजमान, वाढपी, जेवणारा सगळे एकाच घरातले, ब्राउझर मागतो आणि अपाचे आपल्या फाइली ठेवलेल्या एचटीडॉक्स फोल्डरमधून वाढतो. पीएचपीची (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडची) फाइल नुसती डबलक्लिक केली तर मध्ये वाढपीच नाही, म्हणून कच्चा कोड दिसतो.

---

ताई, वाढपी झकास, पण यजमान लिहू नका हो, आमची आजी आजोबांना यजमान म्हणायची, पोरं हसतील.

मला वाटतं घोळ लोकल शब्दात आहे. लोकल म्हणजे जवळपासचं, आपल्या एरियातलं असं वाटतं, आणि मग पोरं लोकलहोस्ट:८००० ची (८००० हा पोर्ट, म्हणजे मशीनवरच्या कोणत्या प्रोग्रामशी बोलायचं तो नंबर) लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राला पाठवतात आणि "तुझ्याकडे उघडतंय का" विचारतात. कसं उघडेल? लोकलहोस्ट हे व्याकरणात "स्वतः"सारखं आहे, जो म्हणेल त्याचं. मित्राने उघडलं की त्याचा ब्राउझर मित्राच्याच मशीनवर शोधणार, आणि तिथे काही चालू नसेल तर कनेक्शन रिफ्यूज्ड. १२७.०.०.१ हा आकड्यांतला पत्ता म्हणजे तेच. १२७ ने सुरू होणारे झाडून सगळे पत्ते, एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर, "स्वतः"साठीच राखून ठेवलेत आणि ते मशीनबाहेर जाताच कामा नयेत असा नियम १९८९ पासून लिहिलेला आहे. तेव्हा "स्वतःचाच पत्ता" असं लिहा, स्थानिक नको.

---

+१. फक्त पुढचा प्रश्न येणारच की मग मोबाइलवर कसं बघायचं. दोन्ही एकाच वायफायवर ठेवायचे, विंडोजवर आयपीकॉन्फिग ही कमांड टाकून लॅपटॉपचा पत्ता बघायचा, घरात बहुतेक १९२.१६८ ने सुरू होतो, तो मोबाइलमध्ये टाकायचा, पोर्टसकट. पायथॉन भाषेसोबत येणारा छोटा सर्व्हर, एचटीटीपी डॉट सर्व्हर, न सांगता सगळ्यांचं ऐकतो, फायरवॉलला हो म्हटलं की झालं, पण व्हीट (Vite) या टूलचा सर्व्हर बाय डिफॉल्ट फक्त स्वतःचंच ऐकतो, त्याला होस्टचा पर्याय द्यावा लागतो. आता इथे "ऐकतो" हे क्रियापद किती चपखल बसतं बघा.

---

पोर्टला काय मग? बंदर??

---

बंदर नको, पोरं हिंदीतलं माकड घेतील. खिडकी क्रमांक म्हणता येईल, पोस्टात असतो तसा, पण खिडकी म्हटलं की विंडोज आठवणार. पोर्टच राहू द्या आणि सांगा की एका पत्त्यावर ० ते ६५५३५ एवढे नंबर असतात. पत्त्यात नंबर लिहिला नाही तर ब्राउझर एचटीटीपीला ८० धरतो.

---

आणि "सुरू करणे"ला आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात सरळ "उठवणे" म्हणतात. सर्व्हर बसला, उठव जरा. नवख्यांना एवढं नक्की सांगा की टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायची, ती काळी खिडकी बंद केली की सर्व्हरही बसतो, बरेच जण सर्व्हर उठवून खिडकी आवरून ठेवतात आणि मग पेज का उघडत नाही म्हणून तासभर कोड तपासतात.

---

सगळ्यांना धन्यवाद. असं लिहितोय: "सर्व्हर म्हणजे ऐकत बसलेला प्रोग्राम. तो उठवा, टर्मिनल बंद करू नका, आणि ब्राउझरमध्ये स्वतःचाच पत्ता टाका: लोकलहोस्ट, पुढे पोर्ट नंबर." वाढपी तोंडी सांगतो, लिहीत नाही.

---

छान. एक ओळ वाढवा, ८० नंबर आधीच दुसऱ्या प्रोग्रामने घेतला असेल तर अपाचे उठत नाही, तेव्हा त्याच्या सेटिंगच्या फाइलीत, एचटीटीपीडी डॉट कॉन्फमध्ये, "लिसन ८०" चं ८०८० करायचं आणि पत्त्यातही ८०८० लिहायचं. दुसरं निम्मे जण विसरतात.