मदत हवी आहे: परवान्याच्या सार्वजनिक नोंदीतील घरचा पत्ता आणि जन्मतारीख
परवानाधारक व्यावसायिकांच्या सार्वजनिक नोंदवहीत माझे नाव आणि परवाना क्रमांक यांबरोबर घरचा पत्ता व पूर्ण जन्मतारीखही कोणालाही पाहता येते. नाव, क्रमांक आणि परवान्याची सद्यस्थिती पडताळणीसाठी खुली असावी, हे योग्यच आहे. जन्मतारीख मात्र अनेक ठिकाणी ओळख पटवण्यासाठी विचारली जाते, म्हणून तिची चिंता अधिक वाटते. परवाना देणाऱ्या मंडळाला लेखी विनंती केल्यावर कार्यालयाचा पत्ता कळवण्यास सांगण्यात आले; परंतु काम घरूनच चालत असल्याने वेगळे कार्यालय नाही. शोधयंत्रातून दुवा हटवला, तरी मूळ नोंद आणि इतर संकेतस्थळांनी घेतलेल्या तिच्या प्रती तशाच राहतात, त्यामुळे तो उपाय अपुरा आहे. अशा नोंदीत टपालपेटीचा पत्ता चालतो का, आणि जन्मतारीख झाकण्याची मागणी कोणाकडे व कोणत्या आधारावर करावी?