टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीनंतर सोसायटीच्या ग्रुपवर

ए-३०२ काकू : काल रात्री मला झोपच लागली नाही हो. ती मुलगी बाहेर? इतका गोड गळा, आणि महाअंतिम फेरीच्या उंबरठ्यावरून घरी?

सी-१०४ : मतं कमी पडली असणार काकू. परीक्षकांनी तर तोंडभरून कौतुक केलं होतं.

ए-३०२ काकू : मग त्या कौतुकाचा उपयोग काय झाला सांगा!

बी-२०४ ताई : काकू, मलाही फार लागलं. पण तिने काल काय केलं ते सांगते, पडद्यावर ते पटकन निघून गेलं. मुखडा संपला आणि तिने एका कानातला मॉनिटर, म्हणजे वाद्यं आणि स्वतःचा आवाज ऐकायचं ते छोटं यंत्र, काढून खांद्यावर सोडला. वाद्यवृंद मोठ्याने वाजत असला की कधी कधी त्यात स्वतःचाच आवाज नीट येत नाही, सूर अंदाजाने लावावा लागतो. तिने एक कान मोकळा केला, डोळे मिटले आणि अंतरा अगदी हलक्या आवाजात उचलला. शेवटी मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'प'वर थांबली, तेव्हा आवाज जराही हलला नाही. क्लासला मुली वर्षानुवर्षं येतात, तरी खालचा सूर असा स्थिर लागत नाही. वर तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला टाळी मिळते, खाली मिळत नाही. तिला हे माहीत असणार, तरी तिने तेच गाणं घेतलं.

डी-५०१ काका : हे लक्षातच आलं नव्हतं. पण शेवटच्या फेऱ्यांत सगळेच वरच्या पट्टीतली गाणी का घेतात?

बी-२०४ ताई : काका, वेळ थोडा असतो. मुखडा आणि एखादा अंतरा ठेवून गाणं कापतात, त्यात छाप पाडायची. मग शेवट वर नेऊन सोडला की झालं. त्यात इतके आठवडे तालमी आणि चित्रीकरण करून गळा थकलेला. एरवी काळी पाचच्या पट्टीत सहज गाणारी मुलगीही अशा वेळी ओढाताण करते. पट्टी थोडी उतरवून घेतली तर काही बिघडत नाही, पण मुलांना वाटतं आपण कमी पडलो.

ए-१०३ : मला २००९ ची मराठी सारेगमप लिटल चॅम्प्सची महाअंतिम फेरी आठवली. आर्या, कार्तिकी, प्रथमेश, मुग्धा, रोहित. मी आर्याच्या बाजूने, सासूबाई कार्तिकीच्या. जिंकली कार्तिकी, आणि सासूबाई आठवडाभर खुशीत!

सी-१०४ : आणि तेच पाच जण २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमात ज्यूरी म्हणून बसले. रोहित तर २०२० मध्ये हिंदी इंडियन आयडॉलमध्ये दुसरा आला.

ए-१०३ : मुग्धा-प्रथमेशचं लग्नही झालं की २०२३ ला 😍

डी-५०१ काका : २००५ मध्ये इंडियन आयडॉलला अभिजीत सावंतसाठी मी एसएमएस पाठवून पाठवून फोनचा बॅलन्स संपवला होता. त्याच वर्षी अरिजित सिंग फेम गुरुकुल या गाण्याच्या स्पर्धेतून बाद झाला होता. काकू, म्हणून म्हणतो, एवढं मनाला लावून घेऊ नका.

सी-१०१ आजोबा : माझं मत मात्र ठरलं आहे. महाअंतिम फेरीत गेलेल्या त्या मुलाला. घरची परिस्थिती किती बिकट आहे, ते दाखवलं परवा. बक्षिसाचं खरं मोल त्यालाच.

बी-२०४ ताई : आजोबा, तो मुलगा गातोही छान, लय पक्की आहे त्याची. त्याला मत द्यायला माझी काहीच हरकत नाही. पण आधी घरची चित्रफीत दाखवतात आणि मग गाणं. आपले डोळे भरलेले असतात, त्यात गाणं ऐकायचं राहूनच जातं. त्या मुलावरही हा अन्याय आहे, त्याने इतकी मेहनत सुरांसाठी घेतली आहे. मी घरी एक करते. चित्रफीत लागली की टीव्हीचा आवाज बंद, आणि गाणं लागलं की डोळे बंद.

सी-१०१ आजोबा : डोळे मिटून टीव्ही बघायचा?

बी-२०४ ताई : एकदा करून बघा. उद्या दुपारी कालचाच भाग पुन्हा लागणार आहे.

ए-३०२ काकू : मीपण बघणार. मन नाही भरलं.

(दुसऱ्या दिवशी, दुपारी)

सी-१०१ आजोबा : ताई, बघितलं. म्हणजे ऐकलं. माझं मत त्या मुलालाच, त्याने समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना कुठेही घाई केली नाही. पण त्या मुलीचं गाणं परवा मी ऐकलंच नव्हतं असं वाटलं. तुम्ही म्हणालात तो खालचा सूर आला, तेव्हा घरात पंख्याचा आवाजही नको झाला. उठून बंद केला.

ए-३०२ काकू : आजोबा 🙏 मीपण तिथेच रडले.