हल्कचा आवाज कोणाचा?

मी: मामा, जुनी हल्क मालिका बघितली, तो राग आला की हिरवा राक्षस होणारा सुपरहिरो. हिरवा रंग फासलेला माणूस नुसता पळतोय 😂 आमचा सिनेमातला कॉम्प्युटरवाला हल्क बरा.

मामा: रंग फासलेला होता, दंड खरे होते. लू फेरिग्नो. ब्रुकलिनचा. १९७३ आणि १९७४, सलग दोनदा मिस्टर युनिव्हर्स, शरीरसौष्ठवातला किताब.

ताई: म्हणजे टर्मिनेटरवाल्या अर्नोल्ड श्वार्झनेगरला हरवलं?

मामा: छे. १९७४च्या मिस्टर ऑलिंपिया या शरीरसौष्ठव स्पर्धेत अर्नोल्ड पहिला, हा दुसरा. १९७५ला प्रिटोरियात तर तिसरा. ‘पम्पिंग आयर्न’ ही त्यावरची डॉक्युमेंटरी बघा. स्पर्धेच्या आधी नाश्त्याला अर्नोल्ड लू आणि त्याच्या वडिलांसमोर बसतो आणि हसत हसत सांगतो, मी जिंकलो असं आईला फोनवर कळवून पण टाकलंय. पोरगं तिथेच अर्धं हरलं. मला तर अजून राग येतो.

मी: डेंजर 😮

मावशी: दादा, त्याला ऐकू कमी यायचं ना?

मामा: हो गं. अगदी लहानपणी कान सुजून, संसर्ग होऊन पाऊणएक ऐकू येणं गेलं. बोलणं अडखळत, शाळेत पोरं चिडवायची. म्हणून तर वजनं उचलायला लागला.

आई: आणि नट कसा झाला मग? संवाद?

मामा: तीच तर गंमत. हल्कला संवादच नाहीत! आधी रिचर्ड कीलला घेतलं होतं, बाँडपटातला स्टीलच्या दातांचा. उंची सात फुटांवर, पण अंग भरलेलं नव्हतं. मग लूला बोलावलं. १९७७ ते १९८२ तोच हल्क. पण डरकाळी त्याची नाही हां. ती टेड कॅसिडी नावाच्या नटाची. तो गेल्यावर चार्ल्स नेपियरची.

ताई: अरेरे

मामा: पुढे ऐक. १९८३ला ‘हर्क्युलिस’मध्ये चक्क हीरो. तिथेही आवाज दुसऱ्याचा डब केला.

मी: म्हणजे फक्त बॉडी वापरली त्याची

मामा: बरीच वर्षं तसंच. चाळिशीत, १९९२ला पुन्हा मिस्टर ऑलिंपियात उतरला, बारावा आला. आता बंड्या, तुझा २००८चा कॉम्प्युटरवाला हल्क. त्यात आवाज कोणाचा?

मी: एडवर्ड नॉर्टन? त्यातला हीरो तोच ना.

मामा: लू फेरिग्नो 😎 शरीर कॉम्प्युटरचं, आवाज त्याचा. शिवाय त्याच सिनेमात सिक्युरिटी गार्ड म्हणून दिसतोही. नीट बघ.

मी: काय सांगतोस!! आज रात्री परत बघतो

आई: आज रात्री अभ्यास.

मावशी: आता ऐकू येतं का त्याला?

मामा: आयुष्यभर कानात मशीन घालायचा. २०२१ला कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवतात ते यंत्र, करून घेतलं, सत्तरीला टेकल्यावर.

मावशी: बाबा, ऐकताय ना? सत्तरीला ऑपरेशन केलं त्याने. तुमचं साधं मशीन कपाटात पडून आहे.

आजोबा: वाचतोय. ग्रुपवर मशीन लागत नाही.