एफपीसीने (शेतकरी उत्पादक कंपनीने) सभासदांचा उन्हाळ कांदा स्वतः विकत घेऊन चाळीत भरावा का? जाणकारांनी सांगा

निफाड_शिवार

राम राम मंडळी, जरा लांबड लावतो पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही. आमची एफपीसी केंद्राच्या त्या १० हजार एफपीओवाल्या (शेतकरी उत्पादक संस्थांच्या) स्कीममधली. सभासद तीनशेच्या थोडे वर, बहुतेक कांदावाले, थोडे द्राक्षवाले. पहिली तीन वर्षं व्यवस्थापन खर्चाचे पैसे येत होते, त्यातून सीईओ आणि अकाउंटंटचा पगार निघायचा, आता ते बंद झालं. इक्विटी ग्रँट (भागभांडवलाला जोड म्हणून सरकारी अनुदान) आली ती खात्यात तशीच पडून आहे. धंदा म्हणाल तर खतं, औषधं, बियाण्याचं दुकान, आणि त्यात मार्जिन एवढं बारीक की उधारी धरली तर हातात काही राहत नाही.

आता संचालक मंडळात दोन तट पडलेत. एक गट म्हणतो की एप्रिल-मे मधे सभासदांचा उन्हाळ कांदा कंपनीनेच रोख घ्यायचा, भाड्याने चाळी (कांदा साठवायच्या हवेशीर शेड) घेऊन भरायचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला काढायचा, व्यापारी हेच करतात मग आपण का नाही. दुसरा गट म्हणतो अजिबात हात लावू नका. सीईओ पोरगा हुशार आहे पण तोही दुसरी नोकरी शोधतोय असं कानावर आलंय, म्हणजे जे काय ठरवायचं ते लवकर ठरवायला लागेल. कर्ज मिळेल असं वाटतंय, स्कीममधे २ कोटीपर्यंत क्रेडिट गॅरंटी आहेच. कुणी हे केलंय का, आकडे कसे बसतात, मी स्वतः अजून कुठल्याच बाजूला नाही.

चाळवाला_येवला

व्यापारी हेच करतात हे अर्धंच खरंय भाऊ. बहुतेक व्यापारी सकाळी लिलावात घेतो, खळ्यावर (स्वतःच्या आवारात) निवड करतो, गोणी भरतो आणि संध्याकाळी ट्रक चेन्नई, बंगळूर नाहीतर कोलकात्याच्या वाटेला लागलेला असतो. त्याचा पैसा फिरता असतो, चार पैसे मिळाले की मोकळा. पाच महिने माल धरून बसतो तो शेतकरीच, कारण त्याला चाळ घरची, राखण घरची आणि व्याज कुणी विचारत नाही.

आता आकडे. समज १०० क्विंटल १५०० रुपये क्विंटलने घेतला, दीड लाख गेले. पाच महिन्यांनी वजनातली घट, सड, मोड सगळं मिळून ३० टक्के धर (३० ते ४० ही नेहमीची घट आहे, पावसाळा दमट गेला तर वरच्याच टोकाला जाते). राहिला ७० क्विंटल. म्हणजे फक्त मुद्दल निघायला २१४३ चा भाव पाहिजे. त्यावर व्याज, चाळीचं भाडं, भरायची मजुरी, परत काढताना निवडायची मजुरी, बारदान, गाडीभाडं. अडीच हजाराच्या खाली विकलं तर तोटा पक्का समज. आणि ७० क्विंटल सगळा एकसारखा थोडाच निघणार, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी, काजळी (काळी बुरशी) आलेला वेगळा, त्याचा भाव अजून खाली.

पण माझ्या मते खरी गोम याच्यातही नाही. कंपनीकडे कुठला कांदा येणार ते बघ. ज्याचा कांदा टिकाऊ आहे, पाणी वेळेत तोडलं, शेवटी युरिया मारला नाही, पातीखाली नीट सुकवला, मान बारीक झाल्यावर कापला, तो स्वतःच्या चाळीत भरणार ना. कंपनीला देणार तो जाड मानेचा, जोड, डेंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला), अवकाळीत भिजलेला. आणि सभासदच मालक असल्यामुळे तुम्ही नाही म्हणू शकत नाही, संचालकाचा चुलत भाऊच पिकअप घेऊन दारात उभा असतो.

लातूर_मोंढा

आमच्याकडं कांदा नाही, सोयाबीन आहे, पण दुखणं तेच आहे म्हणून लिहितो. सोयाबीन निदान सडत नाही बघा. १२ टक्क्याच्या आत ओलावा ठेवला, गोदामात टाकलं की पावती मिळते, त्या पावतीवर उचल मिळते. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, सोयाबीन-तूर-हरभरा असल्या मालावर किमतीच्या ७५ टक्क्यापर्यंत रक्कम, ६ टक्के व्याजानं, १८० दिवसाला. माल शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. भाव वाढला तर त्याचा, पडला तरी त्याचा. कंपनी मधी फक्त चाळणी, ग्रेडिंग, साठवण आणि विक्रीचं कमिशन घेती. आमच्या कंपनीचा पगार त्याच्यावरच निघतो की हो.

आणि एवढं असून सुद्धा स्वतःच्या पैशानं सोयाबीन धरून बसायची हिंमत आम्ही करत नाही. डिसेंबर २०२१ ला सेबीनं (बाजार नियामकानं) सोयाबीनचे वायदे बंद केले तेव्हापासून पुढचा भाव बांधून ठेवायची सोय राहिली नाही. सप्टेंबर २०२४ ला खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं, लोक खूश झाले, मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं परत कमी केलं. आमचा भाव दिल्लीत ठरतो आणि तुमचा पण तिथंच. सडणाऱ्या मालावर बँकेच्या पैशानं एवढा मोठा सट्टा खेळायचा म्हणजे मला तर झोप लागणार नाही.

खळ्यावरचा

मी व्यापारी आहे म्हणून आधीच शिव्या घालू नका 😀 वर येवलेकरांनी लिहिलं ते बरोबर आहे, फक्त धोरणाचा मुद्दा लातूरवाल्या दादांनी वरवर सांगितला तो कांद्यात किती जड जातो ते तारखा लावूनच बघा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याच्या खाली बाहेर विकायचं नाही. डिसेंबरच्या ८ तारखेपासून सरळ निर्यातबंदी. मे २०२४ ला बंदी उठली ती ५५० डॉलर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० वर आणलं, ते २० सुद्धा १ एप्रिल २०२५ ला काढलं. आता तुमचा माल चाळीत जातो मे मधे आणि निघतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, नेमका सणासुदीच्या तोंडावर, तेव्हाच भाव वर सरकला की सरकार मधे पडतं, आणि दरवर्षी बफरचा (सरकारने साठवलेला) कांदा बाजारात उतरायची वेळ पण तीच. तुम्ही अडीच हजाराची वाट बघत बसणार आणि तिकडून एक नोटिफिकेशन येणार.

आणि शुल्क नसलं म्हणजे भाव असतोच असं पण नाही, २०२५ ला शुल्क शून्य होतं तरी उन्हाळ कांदा पडलेलाच राहिला. पीक भरपूर होतं आणि बांगलादेश पूर्वीसारखा उचलत नव्हता. माझ्यासारख्याचा तोटा झाला तर तो एका घराचा असतो, तुमच्या कंपनीत तीनशे घरांचे शेअरचे पैसे आहेत हे लक्षात ठेवा.

एक आणखी, सप्टेंबर २०२३ मधे नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते, एप्रिल २०२४ मधे हमाली-तोलाई-वाराईच्या (माल उतरवायच्या, तोलायच्या मजुरीच्या) वादात परत बंद. ऐन काढायच्या वेळेला असं झालं की चाळीतला कांदा थांबत नाही, त्याला मोड फुटायचे ते फुटतातच. कुणाची बाजू बरोबर त्यात पडत नाही, तो धागा वेगळा काढा.

बांधावरून_सिन्नर

खळ्यावरचे भाऊ, तुम्ही लोकांनी लिलाव बंद ठेवायचे आणि वर आम्हाला धोका समजावून सांगायचा, मजा आहे तुमची. पण असो, मुद्द्यावर येते.

मी महिला शेतकरी कंपनीत संचालक आहे. वरचे सगळे "करू नका" सांगतायत ते मला अर्धंच पटतं. काहीच करायचं नाही तर कंपनी काढली कशाला? खताच्या दुकानावर सीईओचा पगार निघत नाही हे आमच्याकडेही तेच. स्कीमचा पैसा संपला की पाटी राहते आणि कंपनी जाते, अशा पाट्या आमच्याच तालुक्यात गावोगाव दिसतात.

आम्ही काय करतो ते सांगते. चाळ कंपनीची, कांदा सभासदाचा. प्रत्येकीचा कप्पा वेगळा, वक्कल (मालाचा ढीग) वेगळं, भरताना वजन आणि प्रत लिहून दोघींची सही. महिन्याचं भाडं क्विंटलवर ठरलेलं. घट झाली तर ती कांदेवालीची, त्यामुळे कुणी जाड मानेचा कांदा आणतच नाही, न सांगता निवड घरूनच होऊन येते!! ज्यांना मे मधे पैशाची निकड असते (लग्न असतात, शाळेच्या फिया असतात) त्यांना कंपनी उचल देते, मालाच्या अंदाजे किमतीच्या निम्म्याच्या आतच, त्याच्यावर नाही म्हणजे नाही. मग ४५ एमएमच्या वरचा, ५५ च्या वरचा असा एकसारखा माल एकत्र केला की गाडी भरते आणि गाडी भरली की खरेदीदार स्वतः फोन करतो. फळं-भाजीपाला २०१६ पासून बाजार आवाराच्या बाहेर नियमनमुक्त आहेच, म्हणजे सगळा कांदा लिलावातच न्यायला पाहिजे असं काही नाही. कंपनीला क्विंटलमागे भाडं आणि निवडीची मजुरी सुटते, थोडं कमिशन. श्रीमंत होत नाही आम्ही, पण अकाउंटंटचा पगार चुकत नाही.

तुमच्या भांडणात मला वाटतं दोन्ही गट एकच गोष्ट धरून बसलेत की घ्यायचा तर कंपनीनेच विकत घ्यायचा.

निफाड_शिवार

ताई हे आमच्या मीटिंगमधे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पण एक अडचण, आमच्याकडे बऱ्याच जणांच्या स्वतःच्या चाळी आहेत, २५ टनी, अनुदानातून बांधलेल्या. ते कंपनीच्या चाळीत भाडं देऊन कशाला येतील? आणि कंपनीची स्वतःची चाळ नाहीच, बांधायला पण पैसा लागेल.

बांधावरून_सिन्नर

मग त्यांच्याच चाळी वापरा की भाऊ. माल तिथेच राहू दे, कंपनीचा माणूस पंधरा दिवसाला जाऊन बघणार, कुठे वास येतो, कुठे पाणी सुटलंय, कुणाचा आधी काढायचा ते ठरवणार. विक्री एकत्र, बाकी ज्याचं त्याच्याकडे. चाळ बांधायचीच असेल तर ॲग्री इन्फ्रा फंडात २ कोटीपर्यंतच्या कर्जाला ३ टक्के व्याज सवलत आहे ७ वर्षं, ते बघा. पण पहिल्या वर्षी बांधू नका, आधी सभासद माल देतात का ते कळू दे. आमच्याकडे भाव चढला की निम्म्या जणी गुपचूप बाहेर विकायच्या, त्यावर अजून आमचाही पूर्ण इलाज नाही.

हिशोब_पुणे

मी सीए आहे, एफपीसींचं काम बरंच करते, त्यामुळे सगळे विसरतात तो मुद्दा. बाजार काय करायचा ते तुम्ही ठरवा पण त्याच्या आधी कागद बघा. स्कीमचा पैसा संपला की पहिला अकाउंटंट जातो आणि अकाउंटंट गेला की रिटर्न जायचे थांबतात. वार्षिक दोन फॉर्म, एओसी-४ (ताळेबंदाचा) आणि एमजीटी-७ (वार्षिक विवरणाचा), उशीर झाला की प्रत्येकी दिवसाला १०० रुपये आणि त्याला वरची मर्यादा नाही. धंदा काही केला नाही म्हणून भरलं नाही असं चालत नाही. सलग तीन वर्षं नाही भरलं तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतात, त्याच कंपनीत फेरनेमणूक होत नाही आणि दुसऱ्या कंपनीतही संचालक होता येत नाही. गावातल्या दहावी शिकलेल्या काकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं, सह्या घेतलेल्या असतात फक्त.

आता कांद्याचं. कंपनीने विकत घेतला तर तो तुमच्या ताळेबंदात साठा म्हणून येतो, ३१ मार्चला चाळीत काही नसेल हे चांगलं, पण मधल्या काळात सडला तर तोटा थेट भागभांडवलातून जातो. सिन्नरच्या ताईंच्या पद्धतीत साठा सभासदाचा राहतो, कंपनीच्या पुस्तकात फक्त भाडं आणि कमिशन. मला विचाराल तर हाच फरक सगळ्यात मोठा. फक्त उचल देणार असाल तर नियम लिहून संचालक मंडळाचा ठराव करा, कुणाला किती, कशावर, किती दिवसात परत, आणि संचालकांच्या नातेवाईकांना पण तेच नियम. तोंडी उचल दिली की ती परत येत नाही.

आणि क्रेडिट गॅरंटी आहे म्हणून कर्ज घ्यायचं हे डोक्यातून काढा. गॅरंटी बँकेसाठी असते, तुमच्यासाठी नाही, कर्ज बुडालं तर बँकेला पैसे मिळतील, तुमच्या मागची वसुली थांबत नाही.

चाळवाला_येवला

सीए ताई शेवटचं वाक्य आमच्या बोर्डावर लिहून ठेवायला पाहिजे.

निफाडकर, ताईंची पद्धत करणार असाल तर बियाण्यापासून सुरुवात करा, दुकान तुमचंच आहे. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची भीमा शक्ती, भीमा किरण टिकाऊ आहेत, नाहीतर आपला एन-२-४-१ वाण आहेच. सगळ्यांनी दोनच वाण लावले तर गाडी एकरंगी भरते. पन्नास जणांचे पन्नास घरगुती बियाणे असले तर एकत्र विक्री नुसती नावाला राहते.

निफाड_शिवार

सगळ्यांचे आभार. शनिवारी मीटिंग आहे, विकत घेणाऱ्या गटाला येवलेकरांचं २१४३ चं गणित आधी दाखवतो मग ताईंची पद्धत मांडतो. सीए ताई, त्या उचलीच्या ठरावात काय काय मुद्दे पाहिजेत ते जमलं तर इथेच टाकता का, बाकीच्यांना पण कामाला येईल. आणि सिन्नरच्या ताई, कप्प्याचं वजन भरताना आणि काढताना दोन्ही वेळा करता की फक्त भरताना? घटीवरून भांडण झालं तर काय करता?

बांधावरून_सिन्नर

दोन्ही वेळा. आणि भांडण होतंच 😀 म्हणून निवडताना कांदेवाली स्वतः हजर पाहिजे असा नियम केलाय, सड तिच्याच डोळ्यासमोर बाजूला काढायची. ती आली नाही तर त्या दिवशी तिचा कप्पा उघडत नाही.