रोजच्या प्रवासासाठी भरवशाची हार्ड डिस्क कोणती?

दादरकर : मी लग्नसमारंभांच्या चित्रणाचे संपादन करतो आणि सुमारे १.५ टीबी साहित्य घेऊन रोज लोकलने अंधेरीला जातो. गेल्या महिन्यात गर्दीत पिशवी आपटली आणि तेव्हापासून जुनी डिस्क टकटक आवाज करते आहे. नवी घेताना काय पाहावे?

गिरगावकर : आधी ती डिस्क पुन्हापुन्हा जोडून पाहणे थांबवा. हार्ड डिस्कमध्ये वाचनशीर्ष फिरत्या तबकडीवर अत्यंत कमी अंतरावर तरंगत असते, त्यामुळे चालू असताना बसलेला धक्का तिला सर्वांत घातक ठरतो. एसएसडीत (म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये) फिरणारे भागच नसतात, म्हणून महाग पडली तरी प्रवासासाठी २ टीबीची एसएसडी घ्यावी. दुसरी प्रत मात्र घरी साध्या हार्ड डिस्कवर ठेवावी, कारण वर्षानुवर्षे वीज न मिळालेल्या एसएसडीतील माहिती पुसट होऊ शकते. (विंडोजमध्ये २ टीबीऐवजी १.८१ टीबी दिसेल. ती फसवणूक नव्हे, मोजण्याच्या एककांतील फरक आहे.)

माटुंगेकर : खरी फसवणूक वेगळीच असते. किरकोळ किमतीत ‘१६ टीबी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यात अनेकदा लहानसे मेमरी कार्ड निघते. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घ्या किंवा ऑनलाइन, पक्के बिल मागा, अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर तपासा आणि परताव्याची मुदत संपण्यापूर्वी डिस्क एकदा पूर्ण भरून, सगळे परत वाचून पाहा.

दादरकर : आभारी आहे. कार्यालयात मॅक आणि घरी विंडोज आहे, त्याचे काय करावे?

गिरगावकर : एक्सफॅटमध्ये (फाइली साठवण्याच्या एका पद्धतीत) फॉरमॅट करा, दोन्हीकडे चालेल, फक्त काढताना ‘इजेक्ट’ करायला विसरू नका.