कुत्र्यांच्या शर्यतीला गेलेली संध्याकाळ: तुमचा अनुभव सांगा

शेफील्ड

आमच्या वॉर्डातल्या एक सीनियर सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपाचं जेवण कुठे करायचं विचारलं, तर त्यांनी फर्मान काढलं, "डॉग्जना जाऊ." मला वाटलं कुत्र्यांचं प्रदर्शन असेल. पर्समध्ये बिस्किटांचा पुडा घेऊन गेले होते, यावरून काय ते समजा.

ओलर्टन स्टेडियम हिल्सबरो भागात आहे. 1932 पासून तिथे ग्रेहाउंड जातीची कुत्री पळतात. आम्ही वरच्या मजल्यावर काचेआडच्या रेस्टॉरंटात बसलो. टेबलं पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेली, त्यामुळे कुठूनही धावपट्टी दिसते. हातात दोन कागद आले, मेन्यू आणि रेसकार्ड. मेन्यू मला कळला. पैसे लावायला उठावंही लागत नाही, एक मुलगी टेबलापाशी येऊन घेऊन जाते. एक-दोन पौंड लावले तरी ती तोंड वाकडं करत नाही.

सहा कुत्री जॅकेट घालून लोखंडी खोक्यात शिरतात. एक लाल, दोन निळा, तीन पांढरा, चार काळा, पाच केशरी, सहा काळे-पांढरे पट्टे. ब्रिटनभर हेच रंग. दुरून रुळावर काहीतरी घासत येत असल्याचा आवाज वाढत जातो, कुत्र्यांनी मागे धावावं म्हणून रुळावर पळवलेला खोटा ससा सुसाट येतो, खोक्यांची दारं वर उडतात आणि 500 मीटर तीस सेकंदांच्या आत संपतात. पुढची शर्यत पंधरा मिनिटांनी. घरी येताना हिशोब केला: बारा शर्यती धरल्या तरी अख्ख्या संध्याकाळी कुत्री पळताना दिसली ती सहा मिनिटं. बाकीचा वेळ आम्ही जेवलो, बोललो आणि हरलो. मी प्रत्येक वेळी केशरीवर लावत राहिले, का ते विचारू नका. सतरा पौंड गेले.

मजा आली, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "आणि ती कुत्री नंतर कुठे जातात?" मला उत्तर देता आलं नाही. न्यूझीलंडने डिसेंबर 2024 मध्ये आणि वेल्सने फेब्रुवारी 2025 मध्ये या शर्यती बंद करणार असं जाहीर केलंय, म्हणजे काही वर्षांनी हा अनुभव सांगणारेही कमी होतील. तुमच्यापैकी कोण कोण गेलंय? ज्यांना हा प्रकार आवडत नाही त्यांनीही लिहा, उगाच सगळं गोडगोड नको.

लंडन

तुमचं वाचून 2006 च्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ आठवली. आम्ही तेव्हा वॉल्थमस्टोला राहायचो. घरी येता-जाता स्टेडियमची ती दर्शनी भिंत आणि तिच्यावर निऑनचा पळता कुत्रा दिसायचा. स्टेडियम 1933 सालचं. बेकहॅम पोरवयात तिथे रिकामे ग्लास गोळा करायचा, हे आमचे शेजारी प्रत्येक पाहुण्याला सांगत.

माझे वडील, अप्पा, जतहून तीन महिन्यांसाठी आले होते. म्युझियमं झाली, राणीचा वाडा बाहेरून बघून झाला, अप्पा पुरते कंटाळले. एका शनिवारी इथे आणलं. शर्यतीआधी कुत्र्यांना साखळीला धरून समोरून फिरवतात. पहिली कुत्री दिसली आणि अप्पा खुर्चीतून उठलेच. "आगं, ही तर आपली कारवानी!" कारवानी कुत्री मुधोळकडची, आणि तो मुलूख आमच्यापासून फार लांब नाही. लांब तोंडाची, पोट आत गेलेली ती कुत्री धनगरांच्या वाड्यांवर त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. ग्रेहाउंड वेगळे हे मी सांगून पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही.

आकड्यांच्या बोर्डाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. कठड्याला टेकून प्रत्येक कुत्रं मागून बघितलं, बैल बघतात तसं. "पाच नंबर. पुठ्ठा बघ त्याचा. आन् बाकीची नाचाय लागल्यात, हे गप हाय." मी पाच पौंड लावले. दारं उडाली, पाच नंबर खरंच पुढे. पहिलं वळण आलं, चार नंबर बाहेर फेकला गेला, पाचला धक्का बसला आणि आमचं जनावर पाचवं आलं.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, टोपीवाले, तिथलेच असावेत. त्यांनी आम्हाला रेसकार्ड वाचायला शिकवलं. प्रत्येक कुत्र्याच्या नावाखाली त्याच्या आधीच्या शर्यतींची एकेक ओळ असते: सुटला कसा, वळणावर कुठे होता, कुणाला धडकला. आतल्या कडेने पळणाऱ्यांना लहान नंबर देतात, बाहेरून पळणाऱ्यांना पाच-सहा, आणि त्यांच्या नावापुढे डब्ल्यू असतो. चार नंबरपुढे डब्ल्यू नव्हता, पण त्याच्या मागच्या तीन ओळी वाचल्या असत्या तर वळणावर तो काय करणार हे दिसत होतं. मी हे सगळं मराठीत सांगितलं. अप्पांनी थोडा विचार केला. "म्हंजे आपलं जनावर बघायचंच न्हाई. शेजारचं बघायचं."

पुढच्या शर्यतीत ते शेजारचं बघून खेळले. तरीही हरलो.

16 ऑगस्ट 2008 ला तिथली शेवटची शर्यत झाली. आता मागे फ्लॅट आहेत, दर्शनी भिंत आणि निऑन तेवढं राखलंय. विंबल्डनचं कुत्र्यांचं स्टेडियम 2017 ला बंद झालं, क्रेफर्डचं जानेवारी 2025 ला. लंडनात आता एकटं रॉमफर्ड उरलंय.

लेस्टर

मी स्टेडियममध्ये एकदाही गेलो नाही, तरी माझ्याइतक्या शर्यती इथे कुणी पाहिल्या नसतील. एमएस्सी करताना दीड वर्ष बेटिंग शॉपच्या काउंटरवर होतो. तुम्ही ज्या संध्याकाळबद्दल लिहिताय तो या धंद्याचा दर्शनी भाग. सकाळी आणि दुपारी जवळजवळ रिकाम्या स्टेडियममध्ये ज्या शर्यती होतात त्या आमच्यासारख्या दुकानांच्या पडद्यासाठी. दर काही मिनिटांनी कुठल्या तरी गावची सहा कुत्री सुटतात.

गिऱ्हाईक तेच ते. बहुतेकांचा फोरकास्ट, म्हणजे पहिला आणि दुसरा अचूक क्रमाने. बुटक्या निळ्या पेनाने चिठ्ठीवर "2-5" लिहायचं, आणून द्यायचं, पडद्याकडे बघायचं, चिठ्ठी चुरगाळायची. आमच्या लालबागच्या चाळीत मटक्याचा आकडा कुजबुजत सांगायचे. इथे तोच आकडा मी पावती देऊन घेत होतो आणि "थँक यू" म्हणत होतो.

खरी शर्यत नसेल तेव्हा पडद्यावर संगणकाने काढलेली कुत्री पळायची. लोक त्यांच्यावरही पैसे लावायचे. एका नेहमीच्या काकांना मी म्हटलं, ही खरी नाहीत, माहितीये ना? म्हणाले, "निदान लंगडत तरी नाहीत."

सिडनी

इथे आठ कुत्री पळतात आणि रंगही वेगळे: दोन नंबर पट्ट्यांचा, चार निळा, आठवा गुलाबी. आम्ही 2012-13 च्या सुमारास वेंटवर्थ पार्कला बऱ्याच शनिवारी जायचो. फिश मार्केट जवळच. दुपारी मासे खायचे, संध्याकाळी शर्यती, असा मित्रांचा नेम होता.

फेब्रुवारी 2015 मध्ये एबीसी या इथल्या टीव्ही वाहिनीच्या फोर कॉर्नर्स कार्यक्रमात छुपं चित्रीकरण दाखवलं. सरावाच्या वेळी कुत्री चवताळावीत म्हणून यांत्रिक सशाच्या जागी जिवंत ससे, पॉसम, डुकराची पिल्लं बांधत होते. बघताना बायको उठून आत गेली. जुलै 2016 मध्ये न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर, म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री, माइक बेअर्ड यांनी बंदी जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये माघार घेतली. जेमतेम तीन महिने टिकली. आमची बंदी मात्र टिकली. फिश मार्केटला अजून जातो.

म्हापसा

मी मकावात हॉटेलात होतो, आठ वर्षं. तिथल्या कॅनिड्रोमला, म्हणजे कुत्र्यांच्या ट्रॅकला, सुट्टीच्या रात्री दोनदा गेलो. बाहेर कॅसिनोंत पाय ठेवायला जागा नसायची आणि इथे गॅलरीत मोजून पन्नास माणसं, बहुतेक म्हातारी. जुलै 2018 मध्ये ते बंद झालं तेव्हा पाचशेच्या वर कुत्री तशीच मागे राहिली. त्यांना घरं शोधायला प्राणिमित्रांना पुढे बरेच महिने लागले. मी तोवर गोव्याला परत आलो होतो.

बॉस्टन

माझा अनुभव म्हणजे एका स्टेशनचं नाव. इथल्या मेट्रोच्या ब्लू लाइनचं शेवटचं स्टेशन वंडरलँड. 2011 मध्ये नवीन आले तेव्हा वाटलं, मुलीला घेऊन जाऊ, बाग वगैरे असेल. उतरलो तर समुद्रकिनारा, आणि दुसऱ्या बाजूला रिकाम्या पार्किंगपलीकडे एक बंद पडलेली इमारत. तो कुत्र्यांचा ट्रॅक होता, 1935 पासूनचा. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी 2008 मध्ये या शर्यतींच्या विरोधात कौल दिला आणि 2010 पासून त्या बंद. मुलीला आइसक्रीम घेऊन दिलं आणि परत आलो.

बर्मिंगहॅमजवळ

कुठलं स्टेडियम ते लिहीत नाही. लेस्टरकर म्हणतात तशा दुपारच्या शर्यतीला मी गेलो होतो. पाऊस होता, फुकट प्रवेश होता, बस यायला वेळ होता. प्रेक्षकांत मी आणि अजून चारपाच जण. चहा गरम होता एवढीच चांगली गोष्ट.

तिसऱ्या की चौथ्या शर्यतीत पहिल्याच वळणावर दोन कुत्री एकमेकांत अडकली आणि एक कोलमडली. उठली, पण मागचा पाय टेकेना. दोन माणसं धावत आली, तिला उचलून आत घेऊन गेली. गर्दी असती तर ओरडा तरी झाला असता. इथे लाउडस्पीकरवर निकाल सांगितला, ट्रॅक्टरने वाळू सारखी केली आणि पुढच्या शर्यतीचे भाव बोर्डावर लागले. तिचं पुढे काय झालं ते विचारायला मी गेलो नाही. तीन वर्षं झाली, ते मात्र डोक्यात राहिलंय.

डब्लिन

आयर्लंडची बाजू मांडतो, कारण ब्रिटनमध्ये पळणारी बहुतेक कुत्री जन्मतात आमच्याकडे. इथलं शेलबर्न पार्क स्टेडियम 1927 चं. आयरिश डर्बी, म्हणजे सगळ्यात मानाची शर्यत, तिथेच होते, 550 यार्डांची. माझा ऑफिसमधला मित्र मूळचा टिपरेरीचा. तो, त्याचा भाऊ आणि गावातले तिघे मिळून एका कुत्रीचे मालक. तिची शर्यत असली की अर्धं गाव डब्लिनला येतं. आपल्याकडे गावचा बैल पळणार म्हटल्यावर टेम्पो भरून माणसं निघतात तसं. एकदा ती तिसरी आली तर त्या लोकांनी जो जल्लोष केला, मला क्षणभर वाटलं पहिली आली. पैशांचा संबंध नव्हता, तिघांनी मिळून वीस युरो लावले होते.

हेही सांगतो. 2019 मध्ये आरटीई या आयरिश वाहिनीच्या एका कार्यक्रमाने दाखवलं की दरवर्षी हजारो ग्रेहाउंड वेग कमी पडतो म्हणून मारले जातात. त्यानंतर मी मित्राला विचारलं, तुमची कुत्री पळायची थांबली की? तो जरा रागावलाच. "माझ्या आईच्या स्वयंपाकघरात," म्हणाला. ते खरं निघालं, मी तिला तिथे बघून आलोय. पण ज्या कुत्र्यांच्या पाच मालकांपैकी एकाचीही आई तयार नसेल, त्यांचं काय, हा प्रश्न मी पुन्हा काढला नाही.

रेडिंग

शेफील्डच्या ताईंच्या नवऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचं एक उत्तर आत्ता माझ्या सोफ्यावर चारही पाय वर करून झोपलंय.

कागदांवर याचं नाव भलतंच भारदस्त आहे, घरी बाळू. साडेतीन वर्षांचा असताना आणला. कानात हिरवं गोंदण आहे, नोंदणीचं. पहिल्या आठवड्यात कळलं की याने आयुष्यात जिना पाहिलेला नाही. मी आणि मुलाने एकेक पाय उचलून पायरीवर ठेवत वर नेला. काचेचं दार काय असतं हेही माहीत नव्हतं, नाक आपटून शिकला. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, म्हणून थंडीत स्वेटर लागतो. ताशी साठ किलोमीटरने पळणारा प्राणी दिवसाचा बहुतेक वेळ झोपतो, आणि बागेत दोन फेऱ्या मारल्या की परत झोपतो. ग्रेहाउंडला खूप फिरवावं लागतं या समजापायी लोक घ्यायला बिचकतात.

ग्रेहाउंड ट्रस्टसारख्या संस्था 1970 च्या दशकापासून निवृत्त कुत्र्यांना घरं शोधून द्यायचं काम करताहेत. 2020 पासून परवानाधारक शर्यतींत नोंदणीच्या वेळीच निवृत्तीसाठी 400 पौंडांची ठेव बाजूला काढायची सोय झाली, अर्धी मालकाकडून. काहीच नसण्यापेक्षा बरं. मी स्वतः शर्यतीला जात नाही आणि जाणाऱ्यांशी भांडतही नाही. पण टीव्हीवर कुठेही ती रुळावर घासल्यासारखी घरघर लागली की बाळू झोपेतून ताडकन उठून उभा राहतो, कान टवकारून. आवाज थांबला तरी बराच वेळ तसाच.

मिल्टन कीन्स

विषयांतर करतोय, पण आमची टीम पुढच्या महिन्यात टोस्टर (Towcester) गावच्या स्टेडियमला जाणार आहे. इंग्लिश डर्बी होते तेच. सासूबाई येतायत सोबत. शाकाहारी काही मिळतं का?

शेफील्ड

आमच्याकडे मश्रूमचा काहीतरी पाय होता, अळणी. चटणीची डबी न्या. आणि रेडिंगच्या ताई, तुमचं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो आता आमच्या जिन्याच्या पायऱ्या मोजतोय.

लंडन

मी आज अप्पांना फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. आता चौऱ्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं, पण बाळूचं नीट ऐकलं. रेडिंगच्या ताई, त्याचा फोटो पाठवाल का? तोंडाचा नको म्हणालेत. मागून काढलेला, उभा असताना.